दवाखान्याच्या नावाचा खोटा निरोप

पूर्वी गावात सरकारी निरोप कसा यायचा? कोतवाल दवंडी पिटायचा. ‘देवी टोचणारे उद्या चावडीवर येणार, पोरं घेऊन या’ असं तो आळीआळीतून ओरडत जायचा. कोतवाल सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याचा आवाज ओळखीचा होता. कुणाला शंका आलीच, तर चावडीवर जाऊन पाटलाला विचारता येई.

आता निरोप मोबाईलवर येतो. बारीकसा आवाज होतो आणि पडद्यावर चार ओळी उमटतात. बाळाच्या लशीची तारीख, आयुष्मान कार्ड, बाळंतिणीला मिळणारे पैसे, यांचे निरोप असेच येतात. ही सोय चांगली आहे. चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दवंडी कुठून ऐकू येणार? मोबाईलवरचा निरोप मात्र तो पाळी सुटल्यावर वाचू शकतो.

पण या निरोपाला तोंड नाही. तो कुणी धाडला हे डोळ्यांना दिसत नाही. याचाच फायदा काही लबाड माणसं घेतात. सरकारी दवाखान्याचं नाव घालून ती खोटा निरोप धाडतात आणि आपल्या बँकेतले पैसे लांबवतात. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. तेव्हा खरा निरोप कोणता आणि खोटा कोणता, हे ओळखायलाही शिकलं पाहिजे.

बहुरूपी आणि ठक

तुम्ही बहुरूपी पाहिला असेल. अंगावर खाकी कपडे, हातात दंडुका. दारात उभा राहून तो दरडावतो, “चला, वॉरंट आहे!” घरची माणसं क्षणभर घाबरतात. मग तो हसतो, चार विनोद करतो, सूपभर दाणे घेतो आणि पुढच्या दारी जातो. आपलं सोंग तो स्वतःच उघड करतो. आपणही हसून त्याला दाणे देतो.

ठकही सोंग घेतो. पण तो ते शेवटपर्यंत उघड करत नाही. आपल्याला कळतं, तेव्हा महिन्याचा पगार गेलेला असतो.

कोरोनाच्या वेळी काय घडलं

१६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात कोरोनाची लस टोचायला सुरुवात झाली. नावं नोंदवण्यासाठी सरकारनं ‘कोविन’ नावाची व्यवस्था केली. २८ एप्रिल २०२१ पासून अठरा वर्षांवरच्या सर्वांची नोंदणी सुरू झाली. माणसं फार आणि लस थोडी. तरुण पोरं मोबाईल हातात धरून तासन् तास बसत, तरी नंबर लागत नसे. घरोघर आजार होता. जो तो धास्तावलेला होता.

ठकांनी नेमकी हीच वेळ साधली. ‘लशीसाठी नाव नोंदवायचं ॲप इथून घ्या’ असा निरोप मोबाईलवर फिरू लागला. त्याखाली एक लिंक असे. लिंक म्हणजे दाबल्यावर दुसरीकडे नेणारी ओळ. ती दाबली की ॲप मोबाईलमध्ये उतरे. पण ते ॲप सरकारी नव्हतंच. ते मोबाईलमधले सगळे नंबर पाहायची परवानगी मागे. परवानगी मिळाली, की त्या सगळ्या नंबरांवर तोच निरोप आपोआप धाडी. म्हणजे निरोप मेहुण्याच्या नंबरावरून यायचा आणि मेहुण्याला त्याचा पत्ताही नसायचा! ‘सर्ट-इन’ ही मोबाईल आणि संगणकांच्या सुरक्षेची देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिनं मे २०२१ मध्ये या खोट्या ॲपांची नावं सांगून लोकांना सावध केलं.

पुढे १० जानेवारी २०२२ पासून दवाखान्यातले कर्मचारी आणि साठ वर्षांवरची आजारी माणसं यांना तिसरा डोस मिळू लागला. लगेच ठकांचे फोन सुरू झाले. “आजोबा, दोन डोस झाले ना? तिसऱ्याची नोंद करतो. मोबाईलवर आकडा आलाय, तेवढा सांगा.” तो आकडा लशीचा नसायचा. तो ठकाच्या हाती आपलं कुलूप उघडून देणारा असायचा.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडात लस सरकार फुकट देत होतं. तरी जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या नावानं खोटे निरोप गेले. लशीसाठी बँक कार्डाची माहिती भरा, असं त्यांत मागितलं होतं. तिथली माणसं काय निरक्षर आहेत? नाहीत. मग ठकाचं तिथं कसं फावतं? भीती, आशा आणि घाई या तीन गोष्टींच्या जोरावर. माणूस घाबरला, आशेला लागला किंवा घाईत असला, की शिकलेला असो वा अडाणी, त्याची पारख सुटते.

आजचे खोटे निरोप

कोरोनाची ती गर्दी सरली, पण ठक काही गेले नाहीत. त्यांनी सोंग बदललं. आज जे खोटे निरोप येतात, त्यांचे तीन प्रकार ध्यानात ठेवा.

पहिला प्रकार भीतीचा. ‘तुमचे आयुष्मान कार्ड आज रात्री बंद होईल. चालू ठेवण्यासाठी खाली दाबा.’ आता खरी गोष्ट ऐका. आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात बसणाऱ्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सर्व माणसांना ती लागू झाली. महाराष्ट्रात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबरोबर चालते. या योजनेसाठी सरकार फी घेत नाही. कार्ड चालू ठेवायला पैसे भरा, असं म्हणणारा निरोप खोटा.

दुसरा प्रकार आशेचा. ‘बाळंतिणीचे पैसे मंजूर झाले आहेत. मिळवण्यासाठी खाली दाबा.’

तिसरा प्रकार रोजच्या कामाचा. ‘डॉक्टरांकडे नंबर लावायचा असेल, तर फक्त पाच रुपये भरा.’ माणूस म्हणतो, पाच रुपयांनी काय होतंय? पण ठकाला तुमचे पाच रुपये नकोच असतात. पाच रुपये भरताना तुम्ही कार्डाची माहिती भरता, गुप्त आकडा दाबता. ते त्याला हवं असतं.

सासूनं निरोप कसा पारखला

आपण एक उदाहरण घेऊ. चाकणजवळच्या गावातलं एक घर. मुलगा कारखान्यात कामावर गेलेला. सुनेला नुकतंच बाळ झालेलं. सासूबाई साक्षरतेच्या वर्गाला जातात. दुपारी सुनेच्या मोबाईलवर निरोप आला, ‘मातृ वंदना योजनेचे तुमचे ५,००० रुपये मंजूर. रात्री बारापर्यंत लिंक उघडा, नाहीतर रक्कम परत जाईल.’

सून म्हणाली, “आत्याबाई, पैसे आले बघा!”

“आले म्हंजे पासबुकात पडले का?”

“पडले नाहीत अजून. हे दाबलं की पडतील.”

“थांब गं बाई. आण हिकडं, मला वाचू दे.” सासूबाईंनी बोट ठेवून सगळा निरोप वाचला. “पैसे सरकारनं द्यायचेत. मग त्याला रात्री बाराची घाई कशापायी? आपली आशाताई कालच दारावरनं गेली. ती काही बोलली नाही. उद्या तिला इचारू.”

“पण पैसे परत गेले तर?”

“जायचे असतील तर जाऊ देत. खऱ्याचे पैसे एका रात्रीत कुठं पळत नाहीत.”

सकाळी आशाताई आली. तिनं निरोप पाहिला आणि ती म्हणाली, “हा खोटा आहे. पाच हजार एकदम कधीच येत नाहीत. पहिल्या बाळासाठी आधी तीन हजार येतात. ते तुम्हाला मिळालेत. राहिलेले दोन हजार बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या लशी झाल्यावर मिळतील. ते सरळ तुमच्या बँकेत पडतील. काही दाबावं लागणार नाही.”

सासूबाईंनी काय केलं? त्यांनी निरोप फाडून फेकला नाही. त्यावर विश्वासही ठेवला नाही. निरोपानं दाखवलेल्या वाटेनं त्या गेल्या नाहीत. आपल्या ओळखीच्या वाटेनं जाऊन त्यांनी खात्री करून घेतली. सगळ्या उपायांत हा उपाय मोठा.

ओटीपी आणि पिन

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा आकडा. बँकेतून पैसे काढताना किंवा आधारची ओळख पटवताना तो मोबाईलवर येतो. पिन म्हणजे आपला नेहमीचा गुप्त आकडा. पिन ही घराची किल्ली समजा आणि ओटीपी ही एका वेळेपुरती किल्ली समजा. दोन्ही किल्ल्या आपल्या कनवटीला असाव्यात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोबाईलवरून पैसे देताना पिन लागतो. पैसे घेताना पिन लागत नाही. ‘पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका’ असं कुणी म्हणालं, तर तो पैसे देत नाही, नेतो आहे.

इथं कुणी विचारील, “गुरुजी, आयुष्मान कार्ड काढताना केंद्रावरचा माणूसही ओटीपी मागतो. मग तो ठक का?” प्रश्न बरोबर आहे. तिथं आपण स्वतः चालत गेलेलो असतो. माणूस समोर बसलेला असतो. आधारची ओळख पटवण्यासाठी तिथं ओटीपी लागू शकतो. मात्र सांगण्याआधी ओटीपीचा निरोप पूर्ण वाचा. त्यात आधारचं नाव आहे का? की बँकेचं नाव आणि रुपयांचा आकडा आहे? बँकेचं नाव किंवा रुपये दिसले, तर सांगू नका, मग समोर कुणीही असो. आणि फोनवरच्या अनोळखी माणसाला तर कोणताच ओटीपी सांगायचा नाही.

ॲपचंही तसंच. निरोपातून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेलं ॲप मोबाईलमध्ये घेऊ नका. असल्या फाईलच्या नावाच्या शेवटी बहुधा ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. असं ॲप आपले निरोप चोरून वाचतं. मग ओटीपी आपण तोंडानं सांगितला नाही, तरी तो ठकाला कळतो.

निरोप कसा पारखावा

चाकणच्या बाजारात कांदा घेताना आपण काय करतो? वरचा कांदा चांगला दिसला, म्हणून पोतं उचलत नाही. हात घालून तळचे दोन कांदे काढतो, उलटेपालटे करून बघतो. निरोपही असाच उलटापालटा करून बघावा.

पहिलं, निरोप काय मागतो ते पाहा. पैसे, पिन, ओटीपी किंवा बँक कार्डाचा नंबर मागत असेल, तर तो खोटा समजा.

दुसरं, तो घाई करतो का ते पाहा. ‘आजच’, ‘आत्ताच’, ‘नाहीतर बंद’ असे शब्द असले, तर मोबाईल खाली ठेवा. सरकारी काम असं अर्ध्या तासात बुडत नाही.

तिसरं, तो कुठून आला ते पाहा. दहा आकडी साध्या मोबाईल नंबरावरून आलेला सरकारी निरोप संशयाचा समजा. सरकारी निरोपावर नंबराऐवजी इंग्रजी अक्षरांचं नाव असतं. २०२५ सालापासून त्या नावाच्या शेवटी एक आडवी रेघ आणि ‘जी’ हे इंग्रजी अक्षर असतं. पण नुसतं ‘जी’ पाहून भुलू नका. पैसे आणि ओटीपी मागण्याची पहिली पारख तिथंही लावा.

चौथं, लिंकचा शेवट पाहा. सरकारी पत्ता बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’नं संपतो. ठक मधेच कुठंतरी ‘जीओव्ही’ घालतात आणि शेवट वेगळाच करतात. ही इंग्रजी अक्षरं वाचता येत नसली, तर लाज वाटायचं कारण नाही. जे वाचता येत नाही ते दाबायचं नाही, एवढा नियम पाळला तरी पुरे.

पाचवं, आपल्या वाटेनं विचारा. निरोपात दिलेल्या नंबरावर फोन करू नका. तो नंबर ठकाचाच असणार. आशाताई, अंगणवाडीताई किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाई यांना विचारा. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. तिथं जाऊन विचारा. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसतो. तो याच कामासाठी नेमलेला असतो. ई.एस.आय.चा निरोप असेल, तर कारखान्याच्या कचेरीत किंवा ई.एस.आय.च्या दवाखान्यात चौकशी करा. घरबसल्या विचारायचं असेल, तर आयुष्मान भारतसाठी १४५५५ आणि फुले योजनेसाठी १५५३८८ हे नंबर आहेत.

खरा निरोप टाकू नका

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, “नको ती भानगड! दवाखान्याचा कोणताच निरोप वाचायचा नाही.” असं करू नका. त्यात पैशांपेक्षा मोठं नुकसान आहे.

बाळाच्या लशींची नोंद आता ‘यू-विन’ नावाच्या सरकारी व्यवस्थेत होते. गोवर-रुबेलाची पहिली लस बाळाला नऊ महिने पुरे झाले की द्यायची असते. दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. आपल्या भागात कितीतरी कुटुंबं मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून कामासाठी आलेली आहेत. आज या खोलीत, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या. मग लशीची तारीख विसरते. अशा वेळी खऱ्या निरोपाचा आधार असतो. एकदा फसलेल्या माणसानं तोही निरोप टाकून दिला, तर त्याच्या बाळाची लस चुकते. ठकानं पैसे नेले, ते कष्ट करून पुन्हा मिळवता येतील. पण लस चुकली आणि पोराला गोवर झाला, तर ती वेळ परत आणता येत नाही.

म्हणून निरोप जरूर वाचावा. तारीख ध्यानात घ्यावी. लशीचं कार्ड काढून ताडून पाहावं आणि सरळ उपकेंद्रात जावं. खऱ्या लशीला लिंक दाबावी लागत नाही. बाळाला कडेवर घेऊन गेलं की झालं.

फसगत झालीच तर

फसगत झाली, तर कपाळाला हात लावून बसू नका. लोक हसतील म्हणून लपवूही नका. लपवण्यानं ठकाचं फावतं आणि तो शेजारच्या घरात शिरतो.

ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा. एक, नऊ, तीन, शून्य. मोबाईलवरून होणाऱ्या पैशांच्या फसवणुकीसाठीच हा सरकारी नंबर आहे. चोरलेले पैसे ठक एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतो. ते काढून घेण्याआधी तक्रार पोचली, तर वाटेतल्या खात्यात पैसे अडवून धरता येतात. दावं तोडून पळालेलं जनावर शिवेच्या आत असेपर्यंतच सापडायची आशा जास्त. इथंही तसंच आहे.

मग बँकेला कळवा. कार्ड आणि मोबाईलवरचा व्यवहार बंद करायला सांगा. तक्रारीचा नंबर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली नियम केला, की गुप्त आकडा ग्राहकानंच सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेनं सोसायचं. म्हणून कळवायला उशीर करू नये. खोटं ॲप घेतलं असेल, तर मोबाईलचं इंटरनेट बंद करा. तक्रारीसाठी फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा. ठकाचा निरोप पुसू नका. तो पुरावा आहे.

नंतर पोलीस ठाण्यात जा. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालं. चाकणही त्याच्या हद्दीत येतं. जाताना पासबुक, मोबाईल आणि तक्रारीचा नंबर बरोबर न्या. अर्ज लिहिता येत असेल, तर स्वतः लिहा. काय झालं, किती वाजता झालं, किती रुपये गेले, एवढं सरळ लिहिलं म्हणजे पुरे.

एवढं ध्यानात ठेवा

दवाखान्याचा निरोप पूर्ण वाचावा.
पैसे, पिन किंवा ओटीपी मागणारा निरोप खोटा समजावा.
पैसे घेताना पिन लागत नाही.
घाई करणाऱ्या निरोपाला उत्तर देऊ नये.
निरोपाच्या वाटेनं न जाता आपल्या ओळखीच्या वाटेनं विचारावं.
फसगत झाल्यास लगेच १९३० ला कळवावं.
खऱ्या निरोपातली लशीची तारीख चुकवू नये.

सांगा पाहू

सासूबाईंनी निरोपातली कोणती खूण ओळखली?
आशाताईला निरोप खोटा आहे हे कशावरून कळलं?
मेहुण्याच्या नंबरावरून आलेला निरोप खोटा असू शकतो का? कसा?
तुमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर आज विचारून घ्या आणि आशाताईंच्या फोन नंबरासह घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.